मुलांना टाकळ्याची पानं मोजू द्या : प्राथमिक शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : रानभाजी फेरी बंद करणारं परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यालयातून निघालेलं परिपत्रक आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर अजून आहे. त्यात तीन आदेश आहेत. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना बांधावर, माळावर किंवा रानात नेऊ नये. विद्यार्थ्यांनी कोणतीही रानवनस्पती तोडू नये, चाखू नये, शाळेत आणू नये. पोषण आहारात बाजारातून पावतीवर घेतलेल्या भाजीखेरीज दुसरी पालेभाजी वापरू नये. आणि शेवटी, काही घडल्यास मुख्याध्यापकांना व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल, हे ठरलेलं वाक्य आहेच.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझी मुलगी दुसरीत शिकते. सह्याद्रीच्या उतारावर भात आणि नाचणी करणारं आमचं घर. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असं पत्रक उद्या शेजारच्या जिल्ह्यातही निघेल आणि तिथल्या आयांनाही हेच म्हणावं लागेल. आम्ही रीतसर अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहीत आहे.

आधी ज्या घटनेमुळे परिपत्रक निघालं तिच्याबद्दल. दुसऱ्या एका शाळेत मुलांनी मधल्या सुट्टीत चंद्रज्योतीच्या बिया फोडून खाल्ल्या. उलट्या सुरू झाल्या, मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सगळी बरी होऊन घरी आली, पण त्यांच्या आईबापांची ती रात्र कशी गेली असेल हे सांगायला नको. ही गोष्ट मी हलकी करत नाही.

पण त्या दिवशी नेमकं काय झालं, ते पाहा. मुलं रानात गेली नव्हती. त्यांना कुणी भाजी ओळखायला शिकवत नव्हतं. ती शाळेच्या कुंपणापाशीच होती, कारण चंद्रज्योत कुंपणातच होती. मोगली एरंड म्हणतात तो हाच. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावतात. मध्यंतरी त्याच्या बियांपासून डिझेल करायचं ठरलं, तेव्हा सरकारनंच त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं होतं. बी चवीला वाईट लागत नाही, तिथंच घात होतो. या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. ज्या मुलांना ते झाड माहीत नव्हतं त्यांनी ते खाल्लं. यावर आपण उपाय काय काढलात, तर मुलांना कुठलंच झाड माहीत होऊ द्यायचं नाही.

आता आमच्या फेरीबद्दल, कारण परिपत्रक लिहिणाऱ्यानं ती पाहिलेली नाही हे उघड आहे. पहिली-दुसरीची मुलं शनिवारी सकाळी बाईंबरोबर गावालगतच्या बांधांवर आणि माळावर जायची. सोबत ठाकरवाडीतल्या आज्या आणि आम्ही दोघीतिघी आया. राज्यानं २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, त्याच्या आधीपासून आमचा शनिवार असाच होता. जून ते सप्टेंबर, जसं उगवेल तसं. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, चाईचा मोहर.

फेरीचे नियम आपल्या परिपत्रकाहून कडक आहेत. रानात काहीही कच्चं तोंडात घालायचं नाही. दोन मोठ्या बायकांनी ओळखल्याशिवाय पान टोपलीत पडणार नाही. एकीनं हो म्हटलं आणि दुसरी गप्प राहिली, तर पान तिथंच खाली. अळंबीला मुलांनी हातच लावायचा नाही, ओळखणारी आजी शेजारी उभी असली तरी. कंद खणायचा नाही. रस्त्याकडेचं, सांडपाण्याजवळचं आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचं घ्यायचं नाही, आणि मारलंय की नाही हे त्या शेतकऱ्याला जाऊन विचारायचं. गवतात हात घालण्याआधी काठी आपटायची. धो धो पाऊस असेल त्या दिवशी वर्गातच बसायचं. सहा वर्षांच्या मुलांना हे सगळं पाठ आहे, आणि ती एकमेकांना इतकं टोकतात की कधी कधी नको होतं.

यातून मुलं काय शिकतात, हे मला जरा सविस्तर लिहू द्या.

टाकळ्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांच्या अंगणात उगवतो आणि कुणाला त्याचं कौतुक नाही. टाकळ्याच्या एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर. त्याच माळावर, कधी अगदी खेटून, कासविंदा उगवतो. फूल तसंच पिवळं, शेंग त्यालाही येते. पण त्याच्या पर्णिकांच्या जोड्या चार-पाच किंवा त्याहून जास्त आणि टोक अणकुचीदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी, कासविंद्याची चपटी. आमची मुलं पान हातात धरून जोड्या मोजतात. तीन आणि गोल, तर टाकळा. नाही तर थांबायचं आणि आजीला हाक मारायची.

हे पोरखेळ वाटत असेल तर दोन ठिकाणांची नावं सांगते. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदूज्वर समजून उपचार चालायचे. डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्याचं पुढे आलं. ओडिशातल्या मलकानगिरीत २०१६ साली मुलांचे मृत्यू झाले, तिथंही जपानी मेंदूज्वराबरोबर याच झाडाकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. तीन आणि पाच यांतला फरक आम्ही दुसरीतल्या मुलांना फळ्यावर शिकवतो. तोच फरक पानावर मोजायला शिकवला तर त्यात गैर काय?

आणि मोजण्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते थांबणं. मला हे पान येत नाही, मी विचारून घेते, असं म्हणायला मूल तिथं शिकतं. वर्गात उत्तर येत नाही म्हणून गप्प बसणारी मुलं बांधावर बेधडक विचारतात, कारण तिथं न विचारण्याची किंमत त्यांना कळलेली असते. कळलावीपाशी त्यांना उभं करून आजी दाखवते : पानाचं टोक तारेसारखं वळलंय बघ, फूल जाळासारखं आहे, कंद विषारी. बघायचं, हात लावायचा नाही. धोतरा, गुंज, पिवळी कण्हेर ही नावंही फेरीतच कळली. बिट्ट्यांनी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या फळांनी, खेळायचं नाही हे माझ्या मुलीनं मला सांगितलं, आणि लहानपणी मी त्यांनीच खेळले होते. आपल्या परिपत्रकात यातल्या एकाही झाडाचं नाव नाही. कुठलं झाड विषारी हे न सांगता विषापासून मुलांना कसं वाचवणार?

करटोलीचा वेल पाहा. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. एका वेलाला फुलंच फुलं आणि फळ एकही नाही, म्हणून मुलं हिरमुसतात. मग कुणीतरी मादीच्या फुलाखालचं इवलंसं काटेरी फळ शोधून काढतं आणि भांडण सुरू होतं. मग हा दुसरा कशाला हवा, उपटून टाकूया. आजी सांगते, तो उपटलास तर ही वांझ राहील. वेलाची ही गोष्ट मला कॉलेजात गेल्यावर कळली होती.

शेवळं जूनच्या तोंडाला येतात. आधी फूल, पान नंतर. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घातली की खाज जाते. मुलांना स्फटिकांचं काही कळत नाही आणि कळायला नको. पण एक वस्तू दुसऱ्या वस्तूमुळे बदलते आणि आपल्या आज्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे, एवढं त्यांना कळतं.

किती घ्यायचं, हा धडाही तिथलाच. फोडशीची पानं घ्यायची, मूळ जमिनीत ठेवायचं. चाईचा मोहर एका वेलाचा सगळा ओरबाडायचा नाही. कुर्डूला तुरा आला की तो जून झाला, त्याला आता बी धरू द्यायचं. आमच्या गावात पहिल्या पावसाची भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोडत नाही. त्यामुळे ती जरा वाढून मगच हाती लागते. मुलांना याची कारणं सांगावी लागत नाहीत. जिथून मूळ उपटलं तिथं पुढच्या वर्षी काही उगवत नाही, हे ती स्वतः येऊन बघतात.

रानभाज्यांत लोह असतं, जीवनसत्त्वं असतात, म्हणून मुलांना द्या, असं बरेच जण म्हणतात. मी त्या वाटेनं जाणार नाही. सहा वर्षांचं मूल लोहासाठी बांधावर जात नाही. स्वतः शोधलेली भारंगी कडू असली तरी ते दोन घास खातं, एवढंच मी पाहिलं आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी की आम्हाला विचारलं गेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती केली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक घेतले, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचं काम तिला दिलं. आमच्या आराखड्यात ही फेरी लिहिलेली आहे. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की मुलांचं शिकणं कृतीतून, शोधातून व्हावं आणि मूल भयमुक्त असावं. परिपत्रकात यातलं काहीच विचारात घेतलेलं दिसत नाही.

दुसरी तक्रार सरकारच्या दोन तोंडांबद्दल आहे. दर ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तालुक्याच्या सभागृहात टेबलं लागतात, ताटलीत टाकळा, ताटलीत कुर्डू, पुढे नावाची चिठ्ठी, फीत कापली जाते, फोटो निघतात. आमच्याच वाडीतल्या बायकांना तिथं भाज्या घेऊन बोलावतात. महोत्सवात आमच्या मुलांनी ताटलीतली भाजी पाहिली तर तो उपक्रम, आणि तीच भाजी बांधावर उगवलेली पाहिली तर नियमभंग!

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या शाळेत ठाकर आणि कातकरी घरांतली मुलं आहेत. त्यातला एक मुलगा वर्गात शेवटच्या रांगेत बसतो. वाचन अडखळतं, हजेरी कमी. फेरीत तो पुढे असायचा. दुरून पानाच्या रंगावरून सांगायचा, ती फोडशी नाही, ते नुसतं गवत आहे. आणि बाई तपासायच्या तर खरंच गवत असायचं. इतर मुलं, त्यात माझी मुलगीही, त्याला विचारून मग टोपलीत टाकायची. फेरीमुळे तो वाचायला लागला असं मी म्हणणार नाही, तसं काही झालेलं नाही. पण चार महिने शनिवारी सकाळी तो वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा असायचा आणि हे सगळ्यांना मान्य होतं. परिपत्रकानं त्याचा तो एक तास घेतला. वर, त्याच्या आईच्या टोपलीतलं जे काही आहे ते घातक असतं, पावती असलेलंच सुरक्षित, असं त्याला शिकवलं. तीच टोपली पावसाळ्यात ठाण्याच्या आणि दादरच्या बाजारात उतरते. तिथं जुड्यांसाठी घासाघीस करणाऱ्यांना ती घातक वाटत नाही.

हे सगळं करून पाहणाऱ्या बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवल्या. मुलं जिथं होती तिथं शाळा गेली. शिकवण्याचं सामान काय, तर पानं, बिया, शंख, खडे. आज आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, तिचं नाव या बायकांच्या कामातून आलं आहे. आपण मात्र शनिवारच्या तासाभरासाठीसुद्धा शाळा कुंपणाबाहेर जाऊ देत नाही.

चौथी तक्रार तणनाशकाची. शाळा उघडण्याआधी आवार साफ करायचं म्हणून ठेकेदाराचा माणूस पाठीवर पंप घेऊन येतो आणि टाकळा, घोळ, केना, माठ सगळ्यावर फवारून जातो. दोन दिवसांत मैदान पिवळं पडतं. पंधरवड्यानं त्याच मैदानात मुलं मातीत लोळतात. या फवारणीबद्दल एकही परिपत्रक निघालेलं मी पाहिलेलं नाही. कुंपणातली चंद्रज्योत मात्र फवाऱ्यातून वाचते, कारण ती कुंपण आहे.

मुख्याध्यापकांना व्यक्तिशः जबाबदार धरण्याबद्दल थोडंच लिहिते. असं वाक्य वाचल्यावर कुठलाही शहाणा माणूस मुलांना भिंतीआड ठेवेल. आमच्या मुख्याध्यापकांनी तेच केलं. मी त्यांना दोष देत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सरसकट बंदी मागे घ्या आणि तिच्या जागी नियमावली द्या. वर लिहिलेले आमचे नियम आहेतच; त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आणि कृषी विभागाच्या माणसानं भर घालावी. प्रत्येक फेरीआधी आरोग्य केंद्राला कळवायचं असं ठरवलंत तर आमची हरकत नाही. पालकांची लेखी संमती हवी असेल तर तीही देऊ. ज्या पालकांना नको असेल त्यांची मुलं जाणार नाहीत.

जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारातून चंद्रज्योत, धोतरा आणि पिवळी कण्हेर काढा. ही खरी तातडीची गोष्ट आहे आणि परिपत्रकात नेमकी हीच राहिली. काढण्याआधी मुलांना ती झाडं दाखवा, पान-फूल-फळ ओळखू द्या, मग काढा. गावात इतरत्र ती राहणारच आहेत.

शाळेच्या आवारात तणनाशक मारणं बंद करा. गवत विळ्यानं काढता येतं. त्यासाठी माणूस लागतो आणि गावात कामाची गरज असलेली माणसं आहेत.

फेरीला येणाऱ्या आज्यांना मानधन द्या. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला प्रवासभत्ता मिळतो, चहा मिळतो, शाल मिळते. ज्या बाईच्या हो-नाहीवर मुलांचा जीव सोपवलेला आहे तिला काहीच मिळत नाही. नोंदवहीत तिचं नाव लिहा आणि नावासमोर रक्कम लिहा.

पोषण आहाराची पावतीची अट सैल करा. आज शाळेच्या परसबागेतला शेवगासुद्धा पावतीशिवाय खिचडीत घालता येत नाही, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. स्वयंपाक करणारी बाई, समितीची एक सदस्य आणि शिक्षक यांनी ओळखून सही केली की माठ, अळू, शेवगा, टाकळा वापरायला परवानगी असावी. मुलांनी फेरीत गोळा केलेली भाजी शाळेत शिजवायची नाही, असं म्हणालात तरी चालेल. ती घरी शिजेल.

आणि परिपत्रकाचा नवा मसुदा काढण्यापूर्वी आपल्या कार्यालयातल्या कुणीतरी एकदा फेरीला यावं. पायात बूट घालून या, छत्री आणू नका, करवंदीच्या जाळीत अडकते.

शाळा १५ जूनला उघडते. त्यानंतर टाकळा जेमतेम महिनाभर कोवळा असतो. त्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य आणि दुसरीतल्या मुलीची आई